सुट्टीला राहून गेलेल्या पाहुण्यांचं आभाराचं पत्र: वाचायचं कसं, उत्तर द्यायचं कसं

मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरतं, आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात त्यांचे निरोप येऊ लागतात. बहुतेकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, जोडलेले दोन हात आणि एक आंबा. पण अधूनमधून एखादी सूनबाई, एखादी भाची किंवा मुलाच्या मित्राची बायको कागद घेऊन बसते आणि दोन पानं भरून पत्र लिहिते. ते पत्र हातात पडलं की आपण काय करतो? उभ्या उभ्या वाचतो, फोन लावतो आणि म्हणतो, "अगं, आभार कसले मानतेस? परकं केलंस की आम्हांला!"

हे आपण मनापासूनच म्हणतो. पण पलीकडच्या बाईनं रात्री मुलं झोपल्यावर जी दोन पानं लिहिली, ती कुणी नीट वाचली की नाही हे तिला त्यातून कळत नाही. आभार असे झटकून टाकले की विषयच संपतो. एका वाक्यात ते घ्यावेत, आणि मग पत्रात तिनं जे मधेमधे सोडून दिलेलं असतं ते एकेक उचलावं. उत्तर लिहिण्याची सगळी कला एवढीच आहे. पुढचं सगळं हे कसं करायचं त्याबद्दल.

समोर एक पत्र असलं की बोलणं सोपं होईल. समजा, दापोलीजवळच्या गावात तुमचं घर आहे. मुलाचा नागपूरचा मित्र बायको आणि दोन मुलांसह चार दिवस राहून गेला. नंतर त्याच्या बायकोचं हे पत्र आलं:

॥ श्री ॥
नागपूर, २ जून

ती. स्व. काकू आणि काकांस,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप पोचलो. इथे पारा अजून ४४ वर आहे, त्यामुळे दुपारी तुमच्या पडवीची फार आठवण येते. चार दिवस तुम्ही आमचं किती केलंत! सकाळी उठलं की चहा तयार, त्यात आमच्या मुलांचे नखरे. धाकटी इथे रोज शहाळं मागते. हे तर भेटेल त्याला हर्णैच्या लिलावाची गोष्ट सांगतात, काकांनी ती सुरमई कशी घासाघीस करून घेतली ते. थोरल्यानं अंगणातली कुंडी फोडली, ते मात्र माझ्या मनाला लागून राहिलंय.

सांदणं खाताना ह्यांच्या आईंची आठवण झाली. त्यांना गोड फार आवडतं. सध्या जरा पडूनच असतात, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं चाललंय. सांदणं कशी करायची ते सवडीनं कळवाल का?

थंडीत तुम्ही दोघं नागपूरला नक्की या, संत्र्यांच्या दिवसांत. धाकटीनं चित्र काढलंय, सोबत पाठवते. तिनं स्वतः पाकिटात घातलंय.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

पहिलं वाचन मोठ्यानं

पत्र "काकू आणि काकांस" आलेलं आहे, तेव्हा ते एकानं वाचून फळीवर ठेवून देण्यातलं नव्हे. दोघं घरात असताना, चुलीवर दूध उतू जात नसताना, एकानं मोठ्यानं वाचावं. घरात आजी असतील आणि त्यांना अक्षर दिसत नसेल तर त्यांच्या खाटेजवळ बसून वाचावं. मोठ्यानं वाचताना डोळे घाई करू शकत नाहीत, आणि ऐकणारा मधेच काहीतरी बोलतो. "कुंडी? कुठली कुंडी?" किंवा "सुरमई नव्हे, हलवा होता तो." हे मधले उद्गार लक्षात ठेवा. उत्तराचा निम्मा मजकूर तिथेच तयार होतो.

पत्राचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा मोह होतो. टाकू नका. सासूबाईंच्या गुडघ्याची गोष्ट तिनं तुम्हांला लिहिली आहे, तुमच्या बावीस नातेवाइकांना नव्हे.

त्याच दिवशी तिला फोनवर एक ओळ पाठवायला मात्र हरकत नाही: "पत्र आज मिळालं, दोघांनी वाचलं, सविस्तर लिहिते." एवढंच. सगळं त्या ओळीत सांगून टाकलंत तर पुन्हा कागद हातात धरायचं कारण उरत नाही.

दुसरं वाचन, हातात पेन्सिल घेऊन

एखाद्या दिवसानं पत्र पुन्हा काढा आणि ज्या ज्या जागी उत्तर मागितलं आहे तिथे बारीक खूण करा. उघड प्रश्न एकच असतो. इथे तो सांदणांचा. बाकीच्या जागा प्रश्नचिन्हाशिवाय असतात, आणि त्याच जास्त महत्त्वाच्या.

कुंडीचंच बघा. "मनाला लागून राहिलंय" हे वाक्य लिहिताना तिला किती अवघड वाटलं असेल! ती माफी मागते आहे, आणि ती मागताना थोरल्याला तुमच्या नजरेत वाईट ठरवू नये अशीही तिची इच्छा आहे. याला "अगं, त्यात काय एवढं" हे उत्तर पुरत नाही, कारण तेच तुम्ही त्या दिवशी अंगणात म्हणाला होतात आणि तिला ते पटलं नव्हतं, म्हणून तर तिनं लिहिलं. तिला त्या कुंडीचं पुढे काय झालं ते हवं आहे.

सासूबाईंचं ऑपरेशन पदार्थाच्या बोलण्यात गुंडाळून आलं आहे. आपल्याकडे काळजीच्या गोष्टी अशाच येतात, गोडाच्या आडून. "ऑपरेशन करायचं चाललंय" म्हणजे अजून ठरलेलं नाही, घरात त्यावर बोलणी चालू असणार, पैशांची, सुट्टीची, कुणी थांबायचं याची. तुम्ही डॉक्टर नसाल तर सल्ला देऊ नका. आमच्या शेजारच्यांचं कसं बिघडलं, हे तर मुळीच नको. तारीख ठरली की कळव, एवढं विचारलंत तरी तिला पोचतं.

"आमच्या मुलांचे नखरे" हीही एक खूण करण्यासारखी जागा आहे. आपल्या मुलांनी त्रास दिला का, ही शंका प्रत्येक आईला परतीच्या गाडीत येते. उत्तरात त्या मुलांबद्दल एक चांगली, खरी आणि बारीक गोष्ट लिहावी. "मुलं गोड आहेत" हे कुणीही कुणाच्याही मुलांबद्दल म्हणतं. थोरला रोज संध्याकाळी न सांगता काकांबरोबर पाण्याचा पंप बंद करायला जायचा, हे फक्त तुम्हांलाच माहीत आहे.

आमंत्रण खरं आहे की रिवाजाचं, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. त्यात दिवस किंवा ऋतू दिला आहे का ते बघा. "कधीतरी या" हे रिवाजाचं. "थंडीत, संत्र्यांच्या दिवसांत" म्हणताना तिच्या मनात काहीतरी दिसत आहे.

चित्र वेगळं काढून ठेवा. त्याचं उत्तर वेगळं जाणार आहे.

मायना

इथे लोक अडतात आणि पत्र राहून जातं. फार अडू नये. वर ॥ श्री ॥, उजवीकडे गाव आणि तारीख. लिहिणारे तुम्ही मोठे, ती धाकटी, म्हणून "चि. सौ." आणि तिचं नाव किंवा "सूनबाईस", पुढे "अनेक उत्तम आशीर्वाद". जुन्या पत्रांत हे "अ. उ. आ." असं येई. मी तरी पूर्ण लिहीन, आशीर्वादात काटकसर कशाला.

उलट तुम्ही धाकट्या असाल आणि पत्र एखाद्या आत्याचं किंवा मामांचं असेल, तर "ती. स्व." म्हणजे तीर्थस्वरूप, आणि "सा. न. वि. वि." म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आईवडिलांना "तीर्थरूप" लिहायची रीत आहे. बरोबरीच्या मैत्रिणीला "प्रिय" आणि "स. न. वि. वि.", म्हणजे सप्रेम नमस्कार, खरं तर नुसतं नाव आणि स्वल्पविराम एवढंही पुरतं. विधवा बाईंच्या नावामागे "गं. भा.", म्हणजे गंगाभागीरथी, लावायची जुनी पद्धत होती, ती कृपा करून सोडून द्या. "श्रीमती" लिहा, किंवा काकू असतील तर काकूच.

नागपूर, पुणे किंवा मडगाव, मायन्याचे नियम फार बदलत नाहीत. बदलतो तो सूर. पत्रात तिनं "अहो काकू" असं लिहिलं असेल तर उत्तर "अगं" नं सुरू करायला मोकळं रान आहे. तिनं सगळीकडे "आपण" वापरलं असेल तर पहिल्या उत्तरात एकदम सलगी नको, पण "आपण" लाही चिकटून राहू नका. "तू" हा मोठ्यांनीच सुरू करायचा असतो, धाकट्यांना ते जमत नाही.

उत्तराचा मजकूर

पत्रातल्या क्रमानं उत्तर देत गेलं की ते पंचनाम्यासारखं वाचलं जातं. सुरुवात तुमच्या घरात पत्र कसं वाचलं गेलं तिथून करा. मग आभार घ्या, एकाच वाक्यात. मग कुंडी, कारण तिचं मन तिथे अडकलं आहे. मग सासूबाई. मग ते गेल्यानंतर गावात काय काय घडलं ते. हा शेवटचा भाग लोक गाळतात, आणि तिला खरं तर तोच सर्वांत जास्त वाचायचा असतो. चार दिवस जिथे राहिलो ते घर आपण निघाल्यावर कसं आहे, हे कुणाला आवडत नाही?

जूनमध्ये दापोलीकडून लिहायला पुष्कळ असतं. यांत्रिक मासेमारीची पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते, म्हणजे ज्या लिलावाची गोष्ट तिचे यजमान सगळ्यांना सांगत आहेत तो आता थांबलेला आहे. मृगाचा पाऊस, शेवटचे आंबे, गळून पडलेले फणस, पेरणी. यातलं एक-दोन घ्या, सगळं नको.

नमुना असा:

॥ श्री ॥
दापोली, १४ जून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. काकांनी पडवीत बसून मोठ्यानं वाचलं, मी आतून भाकरी थापता थापता ऐकलं. घासाघिशीचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. तुम्हांला इथे बरं वाटलं हे वाचून आम्हां दोघांना फार आनंद झाला.

कुंडीतली जास्वंद मी विहिरीजवळ जमिनीत लावली. कुंडीत ती दोन वर्षं तशीच खुरटून होती, आता पावसानं तिला पालवी आली आहे. थोरल्याला सांग, झाड त्याच्या नावावर केलंय, पुढच्या वेळी येऊन बघ म्हणावं. आणि तो रोज संध्याकाळी काकांबरोबर पंप बंद करायला जायचा ना, आता काका एकटे जातात आणि परत येऊन त्याची आठवण काढतात.

आईंचं ऑपरेशन कधी ठरतं ते कळव. तुझी धावपळ होईल, पत्र लिहायला वेळ नसेल तर फोनवर दोन शब्द सांग.

तुम्ही गेलात आणि आठवड्यात पाऊस आला. हर्णैला आता सगळं शांत, होड्या वर ओढून ठेवल्यात. तुझ्या यजमानांना सांग, पुन्हा लिलाव बघायचा तर बंदी उठल्यावरच. काकांना बाजारात करमत नाही, वांग्यांची घासाघीस करून येतात.

सांदणांची कृती वेगळ्या कागदावर लिहिली आहे. नागपूरला यायचं म्हणतेस, तर आम्ही जानेवारीचं मनात धरलं आहे. डिसेंबरात तुमच्याकडे अधिवेशनाची गर्दी असते असं काका म्हणतात. तेव्हा आईंची तब्येत कशी असेल ते बघून नक्की करू.

मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
तुझी, काकू

आमंत्रणाला इथे हो म्हटलं आहे, पण तिच्या घरातल्या अडचणीकडे बघून. सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं असेल तर जानेवारीत पाहुणे नको असतील, आणि "नक्की करू" या शब्दांनी तिला मागे यायला वाट ठेवली. उलट तुम्ही त्यांना पुन्हा बोलावणार असाल तर तेही दिवस धरून बोलवा. गणपतीला या म्हणायचं असेल तर दोन महिने आधी म्हणा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्यांत जागा मिळणं म्हणजे काय, हे कोकणात घर असणाऱ्याला सांगायला नको.

कृती लिहायची ती तिच्या स्वयंपाकघरासाठी

सांदणं आपण बरक्या, म्हणजे मऊ गऱ्यांच्या, फणसाच्या रसात करतो. नागपूरला बरका फणस शोधायला ती कुठे जाणार? "फणसाचा रस घे" असं लिहिलंत की कृती डब्यात पडून राहते. तिला आंब्याच्या रसाची सांदणं लिहून द्या, तीही तितकीच छान होतात. इडली रवा २ वाट्या, थोड्या तुपावर हलका भाजून. आमरस २ वाट्या, चिरलेला गूळ पाऊण ते एक वाटी (रस किती गोड आहे त्यावर), नारळाचं दूध अर्धी वाटी, चिमूटभर मीठ, वेलची. सगळं कालवून तासभर झाकून ठेवायचं, घट्ट वाटलं तर आणखी थोडं नारळाचं दूध, मग तूप लावलेल्या वाट्यांत किंवा इडलीपात्रात १५ ते २० मिनिटं वाफवायचं. वरून नारळाचं दूध किंवा साजूक तूप. फणस मिळालाच तर आमरसाच्या जागी तितकाच रस, एवढी एक ओळ खाली.

आणि एक अशी गोष्ट लिहा जी पुस्तकात सापडत नाही. उदाहरणार्थ, सांदणं गरम असताना काढायला गेलं की मोडतात, जरा निवू द्यावीत. वाचताना तिला तुमचा आवाज ऐकू येईल.

धाकटीचं पत्र

मुलांनी काही पाठवलं असेल तर त्यांना त्यांच्याच नावानं वेगळं उत्तर जायला हवं. आईच्या पत्रात "धाकटीचं चित्र छान आहे" असं एक वाक्य टाकलं की ते तिला वाचून दाखवलं जातं आणि विसरलं जातं. पोस्टमननं तिचं नाव पुकारलं तर आठवडाभर घरात तेवढंच चालतं. याला पोस्टकार्ड उत्तम, कित्येक वर्षं ते ५० पैशांनाच मिळत आलं आहे. आकार १४ गुणिले ९ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या अक्षरांत पाच-सहा ओळी बसतात आणि तेवढ्याच हव्यात.

चित्रात काय आहे ते नीट बघून लिहा. "तुझ्या होडीवर तीन माणसं आहेत, त्यातले टोपीवाले काका आहेत का? काकांनी चित्र देवघराशेजारच्या भिंतीला लावलं आहे. शहाळ्याचं झाड तुझी वाट बघतंय." तिनं "दापोली" चं "दापोलि" केलं असेल तर ते डोळ्यांआड करा, शुद्धलेखन शाळेत होईल. आणि विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यामुळे बाकीच्या महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, म्हणजे जूनच्या मध्यात टाकलेलं कार्ड तिला घरी असतानाच मिळण्याची शक्यता आहे.

मुलानं चित्राऐवजी आभाराचं वाक्य लिहिलं असेल, जे उघड आईनं समोर बसवून लिहून घेतलं आहे, तरीही उत्तर द्या. सक्तीनं लिहिलेल्या पत्राला मजेदार उत्तर आलं की पुढचं पत्र सक्तीशिवाय येतं.

टपालात टाकण्याआधी

आंतर्देशीय पत्र स्वस्त पडतं, पण त्याच्या आत दुसरा कागद घालायला परवानगी नसते. आपल्याला कृतीचा कागद घालायचा आहे, तेव्हा पाकीटच हवं. पाकिटाचा साधा दर २० ग्रॅमपर्यंतचा असतो. दोन-तीन साधे कागद त्यात बसतात, पण सोबत फोटोंच्या प्रती घातल्या तर पोस्टाच्या काउंटरवर वजन करून घ्या. तिकीट कमी पडलं तर भुर्दंड घेणाऱ्याला बसतो, आणि आभाराच्या पत्राच्या उत्तरासाठी पाहुण्यालाच पैसे मोजायला लावणं शोभत नाही.

पिनकोड विसरू नका. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, तरी अजून लोक "नागपूर" लिहून सोडून देतात. सहा आकड्यांतला पहिला विभाग सांगतो (महाराष्ट्र आणि गोव्याचा ४), पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस. पाहुण्यांच्या पत्राच्या मागे त्यांचा पत्ता असेल तर पाकीट फाडताना तो फाडू नका, हे आधीच सांगायला हवं होतं.

पावसाळ्यात शाईचं पेन टाळा. पत्र कुठल्या तरी पिशवीत ओलं होतंच, आणि शाई पसरली की आधी पत्ताच जातो. बॉलपेन टिकतं.

उत्तर पंधरा दिवसांत गेलं तर चांगलं. महिना उलटला असेल तरी लिहा, फक्त उशिराची कारणं देण्यात अर्धं पान घालवू नका. "लावणीत अडकलो" एवढं पुरतं. वर्ष उलटलं असेल तर जुन्या पत्राचं उत्तर म्हणून न लिहिता दिवाळीचं पत्र लिहा आणि त्यात कुंडीतल्या जास्वंदीचं सांगा.

पैसे आणि राहून गेलेल्या वस्तू

पाहुणे निघताना मुलांच्या हातावर पैसे ठेवतात. कधी उशीखाली पाकीट सापडतं. पैशांबद्दल पत्रात एक शब्दही लिहू नये असं माझं मत आहे. रक्कम मोठी असेल आणि घ्यायची नसेल तर ते फोनवर, थेट, तुमच्या मुलानं त्याच्या मित्राशी बोलावं. भेटवस्तू पाठवली असेल तर मात्र ती कुठे ठेवली आणि कोण वापरतं ते लिहा. संत्रा बर्फीचा डबा कुणी किती दिवसांत संपवला, हेही.

मोरीवर राहिलेला टॉवेल, खिडकीत विसरलेला चष्मा, चार्जर, मुलाचा एक बूट. यांची जागा ताजा कलमात. मजकुरात लिहिलं तर ती पुन्हा ओशाळते, खाली "ता. क." करून हलकेच लिहिलं तर हसते. चष्मा किंवा औषधं असतील तर पत्राची वाट न बघता लगेच फोन करून पार्सल करा. बाकीचं मुलगा नागपूरला जाईल तेव्हा त्याच्या बॅगेत घालता येतं.

ता. क. धाकटीचा एक बूट पलंगाखाली सापडला. दुसरा तुमच्याकडे आहे ना, तो टाकू नका.